जामीन झाला, पण सही करायला कोणी नाही : तुरुंगातल्या आपल्या माणसांना पत्र लिहा

१५ डिसेंबर २०२४ रोजी परभणीत सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, त्यानंतरचे आंदोलन, पोलिसांची धरपकड हा सगळा क्रम आपल्या वाचकांना पुन्हा सांगण्याची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एका आईला एवढ्यासाठी सात महिने झगडावे लागले.

त्या सात महिन्यांत आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, मोबाईलवर स्टेटस ठेवले. ते आवश्यकच होते. पण आमच्या मनात एक प्रश्न राहून गेला. तुरुंगाच्या भिंतीआड काय चालते हे आपल्याला माणूस गेल्यावरच का कळते? तो जिवंत असताना त्याचा आणि आपला काय संबंध असतो? या प्रश्नाचे एक अगदी साधे, पाच-दहा रुपयांत होणारे उत्तर आमच्याकडे आहे. ते म्हणजे पत्र. त्याबद्दलच हा लेख आहे.

आमचा सात जणांचा छोटा गट आहे. तिघे समाजकार्यात, एक वकील, एक प्राथमिक शिक्षिका आणि दोन विद्यार्थी. गेली दोन वर्षे आम्ही दोन कारागृहांतल्या एकूण अकरा बंद्यांना पत्रे लिहितो. अकरा हा आकडा किती लहान आहे हे आम्हाला ठाऊक आहे. फार मोठे काम केल्याचा आमचा दावा नाही. उलट, या अकरा जणांत आम्ही जिथे कमी पडलो तेही इथे सांगणार आहोत.

एका आईचे पत्र

सुरुवात ठरवून झाली नाही. रेशनकार्डाच्या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंचा मुलगा वर्षभर आत होता. वय बावीस. मारामारी आणि मोबाईल हिसकावल्याचा आरोप. बाई चार घरची धुणीभांडी करतात. मुलाकातीला जायचे म्हणजे दिवसाची खाडी, एसटीचे भाडे आणि वर त्याच्या खात्यावर भरायला थोडे पैसे. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांतून एकदा जाणे व्हायचे. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी सांगायचे आणि आम्ही लिहायचे, असे पहिले पत्र गेले. त्यात विशेष काही नव्हते. धाकटीला दहावीला किती टक्के पडले, घराचा पत्रा बदलला, शेजारची म्हातारी वारली.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. मग आम्ही आमच्याही नावाने लिहू लागलो. त्याच्या तिसऱ्या पत्रात, जेवण कसे आहे आणि बराकीत किती गर्दी आहे हे लिहिल्यावर, शेवटी एक ओळ होती. जामीन तर झालाय, पण सही करायला कोणी नाही.

आम्ही आईंना विचारले. त्यांना कल्पनाच नव्हती. वकिलाने फोनवर कधीतरी 'जामीन झाला' असे सांगितले होते. आठवडाभरात पोरगा घरी आला नाही, तेव्हा तो जामीन नंतर रद्द झाला असेल असे समजून त्या गप्प बसल्या होत्या. कोर्टाने पंधरा हजारांचा जामीनदार मागितला होता. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते. आमची ती वस्ती आजही कागदावर अतिक्रमण आहे. तिथे घरपट्टीची पावती कोणाकडे असणार? जामिनाचा आदेश झाल्यापासून पाच महिने तो पोरगा आत होता, फक्त एका कागदासाठी.

आमच्या वकील मैत्रिणीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला. न्यायालयाने अट शिथिल केली आणि तीन आठवड्यांत तो बाहेर आला. आज तो एका गॅरेजमध्ये कामाला आहे, खटला चालूच आहे. तो निर्दोष आहे की नाही हे न्यायालय ठरवेल. पण जे पाच महिने त्याने आत काढले, त्यांचा त्या निकालाशी काही संबंध नव्हता. आणि ही गोष्ट बाहेर कळली ती पत्रामुळे.

आकडे काय सांगतात

हे एकट्या पोराचे नशीब असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. एनसीआरबीच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालानुसार देशात ५,७३,२२० बंदी होते आणि तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस माणसे. त्यातले ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. हे प्रमाण ७५.८ टक्के होते. चारपैकी तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

ही माणसे कोण आहेत? अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून तुरुंगातले सुमारे दोन-तृतीयांश होतात. तेवढ्याच प्रमाणात, तिघांपैकी जवळजवळ दोघे, एक तर निरक्षर आहेत किंवा दहावीच्या आत शिकलेले आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, आणि शिकायचे राहून गेलेली आपली माणसे कुठे साठली आहेत ते या आकड्यांत दिसते.

विहारात हा विषय काढला की कोणीतरी अंगुलिमालाची गोष्ट सांगते. गोष्ट मोलाचीच आहे. पण ती गुन्हा केलेल्या माणसाच्या परिवर्तनाची आहे. चारपैकी ज्या तिघांवर काही सिद्ध झालेले नाही, त्यांच्याकडे अंगुलिमाल म्हणून पाहणे हाच आधी अन्याय आहे. त्यांना उपदेशाची पत्रे पाठवू नयेत. त्यांना पुढची तारीख माहीत आहे का, वकील भेटतो का, घरी कोण आहे, एवढे विचारणारे कोणीतरी हवे आहे.

आपल्या घरात तुरुंगाची लाज नव्हती

एक काळ असा होता की आपल्या वस्तीत तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला ओवाळले जायचे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा लाखो माणसे तुरुंगात गेली. बाया तान्ही पोरे घेऊन गेल्या. नामांतराच्या लढ्यातही किती घरांतली माणसे आत होती ते आपल्या आई-वडिलांना विचारा. त्या वेळी आत गेलेल्याच्या घरी चूल पेटते की नाही हे वस्ती पाहत असे. निरोप, चिठ्ठ्या, भाकरी सगळे पोहोचत असे.

आज चळवळीत पकडला गेलेला कार्यकर्ता आत असेल तर आपण निदान पोस्टर लावतो. पण चोरीच्या, हाणामारीच्या, दारूच्या केसमध्ये आत गेलेला पोरगा? त्याचे नाव समाजाच्या यादीतून खोडले जाते. जयंतीच्या वर्गणीला त्याचे घर वगळले जाते, कारण उगाच कशाला. आमच्या अकरांपैकी सात जणांच्या घरच्यांनी आम्हाला सांगितले की शेजारी विचारतात तेव्हा मुलगा कामाला बाहेरगावी आहे असे सांगतो. ही लाज आपण त्यांच्यावर लादली आहे.

आणि जे नावाजलेले आहेत त्यांची तरी काय गत झाली? भीमा-कोरेगाव प्रकरणात तळोजा कारागृहात असलेल्या फादर स्टॅन स्वामींचे हात कंपवाताने थरथरायचे. पाणी पिण्यासाठी त्यांनी सिपर मागितला आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्यासाठी कोर्टाच्या तारखा पडल्या. तेव्हा देशभरातून लोकांनी पोस्टाने, कुरियरने सिपर पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षी डिसेंबरात गौतम नवलखा यांना घरच्यांनी पाठवलेला चष्मा तुरुंगाने स्वीकारला नाही, तेव्हा उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. पुढे वुडहाऊसचे एक विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणाने त्यांना नाकारले गेले आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला हास्यास्पद म्हटले. फादर स्टॅन ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच गेले.

ज्यांच्यासाठी देशातले मोठे वकील उभे होते, वर्तमानपत्रे लिहीत होती, त्यांना चष्म्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. मग ज्याला एकही पत्र येत नाही, त्याच्या मोडलेल्या चष्म्याचे काय होत असेल?

पत्राने नेमके काय होते

समाजशास्त्र शिकताना आम्ही अर्व्हिंग गॉफमनची 'सर्वंकष संस्था' ही संकल्पना वाचली होती. त्याने १९६१ मध्ये मांडले की तुरुंग, मनोरुग्णालय यांसारख्या संस्था माणसाच्या आधीच्या ओळखी एकेक करून काढून घेतात. नाव जाते, नंबर येतो. कपडे, वेळ, एकांत सगळे जाते. परीक्षेत आम्ही त्यावर छान उत्तर लिहिले होते. त्याचा अर्थ कळला तो एका बंद्याने गल्लीचा फोटो मागितला तेव्हा. त्याला माणसांचा फोटो नको होता. चौकातला निळा झेंडा, बाकडे आणि नळ दिसेल असा हवा होता. आम्ही पाठवला. पुढच्या पत्रात त्याने विचारले की नळाजवळचे झाड कुठे गेले. ते आम्हालाही माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट जास्त व्यवहारी आहे. तुरुंगातले प्रत्येक पत्र आधी अधिकारी उघडतो, वाचतो, मग शिक्का मारून देतो. या वाचण्याचा आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. पण त्याचा एक फायदाही होतो. ज्याच्या नावाने दर महिन्याला पत्र येते, त्याची कोणीतरी विचारपूस करते आहे हे कार्यालयाला कळते. बेवारस समजल्या जाणाऱ्या माणसाशी कसे वागले जाते आणि ज्याच्यामागे चार माणसे आहेत त्याच्याशी कसे वागले जाते, यातला फरक सरकारी कार्यालयात गेलेल्या कोणालाही सांगावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पत्र दोन्ही बाजूंनी चालते. १९७९ मध्ये तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या बंद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. स्वतःसाठी नव्हे. स्वतः फाशीची शिक्षा झालेल्या या माणसाने दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरने पैसे उकळण्यासाठी कसा छळ केला ते कळवले होते. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. कारागृहांत तक्रारपेट्या असाव्यात, न्यायाधीशांनी भेटी द्याव्यात, हे निर्देश त्या निकालातून आले.

आणि आपल्या मराठीतले उदाहरण तर त्याहून जुने आहे. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी अणूविषयी 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी पुस्तक लिहिले. सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिले नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात नसलेली बंधने स्थानबद्धावर लादता येत नाहीत, हस्तलिखित बाहेर गेले पाहिजे. तुरुंगाच्या दारातून कागद आत-बाहेर जाणे ही मेहेरबानी नाही, हे साठ वर्षांपूर्वीच ठरलेले आहे.

कायदा बदलला, पण सांगणार कोण?

गेल्या दोन-तीन वर्षांत कागदावर बऱ्याच गोष्टी बंद्यांच्या बाजूने झाल्या आहेत. कार्यकर्त्यांना त्या पाठ असायला हव्यात.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. आमच्या पहिल्या पोराला हे लागू होते. कोणी कळवले नव्हते.

२०२३ मध्येच केंद्र सरकारने गरीब बंद्यांसाठी साहाय्य योजना आणली. न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याला दंड भरण्यासाठी मदत त्यात आहे; २०२३ मध्ये ती अनुक्रमे ४० हजारांपर्यंत आणि २५ हजारांपर्यंत होती. यूएपीए, अमली पदार्थ यांसारख्या कायद्यांखालच्या बंद्यांना ती मिळत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जुन्या खटल्यांनाही हे लागू होईल. पण यात एक मेख आहे. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. ज्या पारधी वस्तीतल्या पोरावर दर चोरीनंतर संशयाने एक केस पडते, त्याच्यासाठी हे दार बंदच राहते. यावर आपल्या वकिलांनी आणि संघटनांनी आवाज उठवायला हवा.

आणि ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता प्रकरणातला निकाल तर आपल्या प्रत्येक विहारात वाचून दाखवावा असा आहे. एका पत्रकार तरुणीने तुरुंगातल्या जातीवर लिहिले, मग याचिका केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जातीवर आधारित कामाची वाटणी करणारे नियम रद्द केले. साफसफाई अमुक जातीने, स्वयंपाक तमुक जातीने, असे नियम स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे काही राज्यांच्या तुरुंगांच्या पुस्तकांत होते. बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढण्याचा आदेश झाला.

पण नियम पुस्तकातून गेला म्हणून बराकीतून गेला का? तुमच्या बराकीत झाडू कोणाच्या हातात असतो, हे आत असलेलाच सांगू शकतो. आणि तो ते कोणाला सांगणार, जर बाहेर त्याचे ओळखीचे कोणीच नसेल?

आम्ही कुठे चुकलो

आमच्या अकरांमध्ये एक पन्नाशीचे गृहस्थ होते. घरच्यांनी संबंध तोडलेले. ते फार सुंदर अक्षरात लिहायचे, जुन्या कव्वाल्यांबद्दल, मिलच्या दिवसांबद्दल. २०२४ च्या मार्चपासून आम्ही जयंतीच्या तयारीत अडकलो, पाठोपाठ लोकसभेची निवडणूक आली. आज लिहू, उद्या लिहू करत साडेतीन महिने गेले. त्या काळात त्यांची चार पत्रे आली. पहिल्यात खुशाली, दुसऱ्यात काळजी, तिसऱ्यात माझे काही चुकले का अशी विचारणा. चौथे पोस्टकार्ड होते. पत्र लिहिणे जमत नसेल तर हरकत नाही, पण लिहिणार नाही एवढे तरी कळवा, असे त्यात होते.

आम्ही लगेच माफी मागून लिहिले. उत्तर आले नाही. ते दुसऱ्या कारागृहात गेले की त्यांना लिहावेसे वाटले नाही, हे आम्हाला आजही कळलेले नाही.

बाहेर आपल्याला साडेतीन महिने म्हणजे एक धावपळीचा हंगाम. आत पत्र वाटणाऱ्याच्या आवाजाकडे रोज कान लावणाऱ्याला तो काळ किती लांब वाटत असेल? एका माणसाला आशा लावून मग गप्प होणे, हे मुळात पत्र न लिहिण्यापेक्षा वाईट आहे, असे आम्ही आता ठामपणे म्हणतो. म्हणून तरुणांना आमची पहिली विनंती अशी की उत्साहाच्या भरात दहा जणांना लिहू नका. एकालाच लिहा, महिन्यातून एकदाच लिहा, पण चुकवू नका. थांबायचे असेल तर तसे लिहून थांबा.

दुसरा अवघड प्रसंग वेगळा होता. एका मुलीवरच्या अत्याचाराच्या आरोपातल्या बंद्याचे नाव आमच्याकडे आले. आमच्यातल्या दोघींनी स्पष्ट नकार दिला. ती मुलगी आमच्याच भागातली होती. खूप वाद झाला. शेवटी ठरले की त्याला वकील मिळतो का एवढे विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, पण पत्रमैत्री करायची नाही. त्याचा बचावाचा हक्क आम्हाला मान्य आहे. पण पीडित मुलीच्या घरासमोरून रोज जायचे आणि आरोपीला खुशाली विचारायची, हे आम्हाला जमणार नव्हते. दुसऱ्या गावच्या कोणी त्याला लिहिले तर आमची हरकत नाही. प्रत्येक गटाने आपली अशी मर्यादा आधीच बोलून ठरवावी. गप्प राहून पुढे जाऊ नये.

लिहायचे कसे

नाव कुठून मिळेल? तुरुंगात जाऊन यादी मागू नका. वस्तीतल्या घरांत विचारा. आई, बायको, बहीण यांच्याकडून पत्ता घ्या आणि त्यांची व बंद्याची संमती घ्या. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकीलही मदत करतात.

पत्त्यावर बंद्याचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासह लिहा, माहीत असेल तर बंदी क्रमांक, आणि खाली 'द्वारा अधीक्षक' म्हणून कारागृहाचे नाव. तुमचा घरचा पत्ता देऊ नका. संस्थेचा, विहाराचा किंवा वकिलाच्या कार्यालयाचा द्या. मुलींनी तर हे कटाक्षाने पाळावे. गटाच्या नावाने लिहिणे सर्वांत चांगले.

पत्र मोठ्या अक्षरात, छोट्या वाक्यांत लिहा. कारण ते अनेकदा दुसरा कोणी तरी वाचून दाखवणार असतो. म्हणजे तुमचे पत्र चार-पाच जण ऐकणार आहेत, हेही लक्षात ठेवा. खाजगी दुखणे त्यात उघडे करू नका.

केसच्या घटनेबद्दल, काय झाले, कोण होते, याबद्दल चकार शब्द विचारू नका. पत्र उघडून वाचले जाते आणि त्यातले काहीही त्याच्या विरोधात जाऊ शकते. विचारायचे ते एवढेच: कलम कोणते, किती महिने झाले, पुढची तारीख कधी, वकील भेटतो का, जामिनाचा आदेश झाला आहे का. या पाच प्रश्नांच्या उत्तरांवर एखाद्याची सुटका अवलंबून असू शकते. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवेची हेल्पलाईन १५१०० आहे. हे प्रत्येक पहिल्या पत्रात लिहा.

सुटकेचे, नोकरीचे, पैशांचे आश्वासन देऊ नका. पैसे मागितले गेले तर गटात ठरवून, पावतीसह, मनीऑर्डरनेच पाठवा. प्रत्येक पत्राचा फोटो काढून ठेवा.

काही पोरांनी आम्हाला विचारले, भीमा-कोरेगाव प्रकरणात संगणकात सापडल्याचे सांगितलेल्या पत्रांवरच तर सगळी केस उभी राहिली, मग आम्ही तुरुंगात पत्र लिहून अडचणीत येऊ का? भीती खोटी नाही. पण इथे आपण उघडे पत्र लिहितो, तुरुंग अधीक्षकांच्या हाताखालून जाणारे. जे अधिकाऱ्याने वाचले तरी चालेल तेच लिहितो. पाऊस, क्रिकेट, धाकट्या बहिणीची परीक्षा, विहाराचा गळका स्लॅब. हेच तर त्यांना हवे असते.

महिला बंद्यांना विसरू नका. देशभरातल्या बंद्यांत त्या जेमतेम चार टक्के आहेत, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत. पुरुष आत गेला की बायको मुलाकातीला जाते. बाई आत गेली की नवरा क्वचितच जातो. आमच्या तीन महिला बंद्यांपैकी एकीलाच घरचे भेटायला येतात.

या वर्षावासात

सध्या वर्षावास चालू आहे. बहुतेक विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आहे. आमची सूचना एवढीच की महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास त्याच चटईवर बसून पत्रे लिहावीत. वस्तीतल्या ज्या घरांतले कोणी आत आहे, त्या घरातल्या बाईला आधी बोलवावे आणि तिचे पत्र सगळ्यांत आधी लिहून द्यावे. तिला विहारात सर्वांसमोर बसून मुलाला निरोप सांगता आला, तर शेजाऱ्यांपासून लपवण्याचे ओझेही तिथेच कमी होईल.

अश्विन पौर्णिमेपर्यंत प्रत्येक विहाराने एका जरी बंद्याशी संपर्क जोडला आणि 'जामीन झालाय का' हा प्रश्न विचारला, तरी ज्यांचा जामीन होऊन महिने लोटले अशी किती माणसे निघतील याचा अंदाज आम्ही आमच्या अनुभवावरून करू शकतो. आमच्या अकरांत अशी दोन निघाली.

दुसरी अजून आत आहे. तिची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. आजच तिला पत्र टाकले.

जय भीम!